रुमालाखालचा हात

सांगा बरं, माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर? भावावर ठेवावा तर तो रातोरात बांध कोरतो. हवामानाच्या अंदाजावर ठेवावा तर गच्चीवरचं वाळवण भिजतं. मोबाईलमधल्या बाईवर ठेवावा तर ती 'उजवीकडे वळा' म्हणत थेट उसाच्या फडात नेऊन घालते. म्हणून मी उभा जन्म एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, स्वतःच्या उजव्या हातावर. आणि त्याच हातानं भर बाजारात माझा असा काही पचका केला की आठवलं तरी अजून कानशिलं तापतात. बसा, सांगतो. चहा येऊ द्या. माझा कप अर्धाच भरा, हात हलतो.

माझं शिरूरला पेंडीचं दुकान. सरकी पेंड, भुसा, मक्याचा भरडा, दावी, घुंगरं, जनावराला लागतं ते सगळं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं बाजारानं शिकवलं, आणि बाजार काही छडी हळू मारत नाही! पोत्यात हात घातला की सांगायचो, ओल किती, भेसळ कशाची, माल कधीचा. पण त्याहून मोठं नाव होतं ते रुमालाखालच्या सौद्यात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जुनी माणसं जनावराचा सौदा तोंडानं करत नाहीत. विकणाऱ्यानं हात पुढं करायचा, घेणाऱ्यानं तो धरायचा, वरून रुमाल टाकायचा, आणि मग बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं की दहा हजार. अख्खा पंजा दाबला की पन्नास. पंजा दाबून सोडला आणि वर दोन बोटं धरली, तर सत्तर. भोवतीच्यांना भाव कळत नाही, त्यामुळं विकणाऱ्याचीही लाज राहते आणि घेणाऱ्याचीही.

मी दलाल नव्हे. पण पेंड नेणारी माणसं म्हणायची, "शेठ, तेवढा हात घालायला चला." मी जायचो. दलाली घेत नव्हतो, नुसता मान घ्यायचो. दलाली घेतली असती तर स्वस्तात सुटलो असतो.

तर या हाताला झालं काय? आधी हाताला नाहीच झालं. आधी डोळ्याला झालं.

एका सकाळी दुकानात काट्यावरचा आकडा दिसेना. मला वाटलं काटा बिघडला. दुरुस्तीवाल्याला बोलावून आधी चार शब्द सुनावले, मग काटा दाखवला. तो बिचारा म्हणाला, "शेठ, आकडा तर लख्ख दिसतोय." मग लक्षात आलं, डाव्या डोळ्यापुढं कुणी ताक सांडल्यासारखं झालंय. काही आठवड्यांनी तो डोळा बराचसा निवळला. मी म्हटलं, उष्णता असेल. पुढं काय झालं, दुकान उघडताना देवाच्या फोटोपुढं मान खाली घातली की मानेपासून टाचेपर्यंत सण्णकन करंट! मी काय केलं असेल? वायरमन बोलावला! म्हटलं, फोटोच्या लायटिंगमध्ये शॉर्ट आहे. त्यानं माळ काढली, तपासली, आणि माझ्याकडं विचित्र बघत म्हणाला, "शेठ, ही माळ दिवाळीपासून बंद आहे."

तरी मी पुण्याला गेलो नसतो. पण बायकोनं, शैलानं, नेलं. त्या मोठ्या मशीनमध्ये झोपवून आत धडाधड आवाज काढले, पाठीतून पाणी काढलं, आणि मग डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणाल्या, अंगाची राखण करणारी यंत्रणाच चुकून मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खाते.

मी म्हटलं, "म्हणजे गोडाउनचा राखणदारच पोती फोडतोय."

"अगदी तसंच."

"मग राखणदार बदलू."

"तो बदलता येत नाही. औषधानं त्याला जरा शांत ठेवू."

"आणि फाटलेली पोती?"

त्या म्हणाल्या, "काही भरून येतील, काही नाही. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं कामधंदा करतात. पण तुमच्या बाबतीत पुढं काय होईल, ते आज नक्की सांगता येत नाही."

नक्की सांगता येत नाही! अहो, ज्यानं उभा जन्म पावसाआधी पेंड भरली आणि भाव चढल्यावर विकली, त्याला हे वाक्य ऐकवताय? परतीच्या वाटेवर गाडीत शैलानं खिडकीबाहेर बघत माझा हात धरून ठेवला होता. तेव्हा कळत होता तिचा हात.

त्या दिवसापासून भीती आमच्या घरी मुक्कामालाच आली. पाहुणा कसा, चार दिवसांत जातो. ही गेलीच नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पांघरुणात पायाची बोटं हलवून बघतो. हलली की आजचा दिवस आपला. मग एक डोळा झाकून पंखा बघायचा, दुसरा झाकून पंखा बघायचा. शैला चहा घेऊन उभी असते, माझी ही कवायत बघत. कधी छातीभोवती कुणी दावं आवळल्यासारखं होतं. कधी दुपारी अंगातलं बळ असं उतरतं, जसं टाकीच्या तळाचं बूच कुणी काढलं. लघवीला लागली की 'थांब' म्हणायची सोय नाही, म्हणून कुठल्याही गावाला गेलो की देवळाआधी संडास कुठं ते बघतो. आणि ऊन! ऊन लागलं की जुनी दुखणी रांगेनं परत येतात. डॉक्टरबाई म्हणतात, ते तात्पुरतं, अंग गार झालं की उतरतं. खरं आहे. पण पाय गेलेल्या माणसाला त्या क्षणी 'तात्पुरतं' कोण पटवणार?

हे सगळं बाजारात कुणाला ठाऊक? कुणालाच नाही! मी सांगून ठेवलेलं, मणक्यात गॅप आहे. हा मणक्यातला गॅप फार सोयीचा आजार. प्रत्येकाच्या घरात एकाला तरी असतोच. कुणी खोलात शिरत नाही, उलट तेल आणून देतात. आमचं एक कपाट नुसत्या तेलांनी भरलंय.

तुम्ही म्हणाल, लपवायचं कशाला? अहो, लंगडणाऱ्या बैलाला बाजारात काय भाव येतो, ते मी जन्मभर उभं राहून पाहिलंय. माणसं आधी कीव करतात, मग भाव करतात. शेठच्या मेंदूत काहीतरी निघालंय म्हटल्यावर पोत्यात हात घालायला मला कोण बोलावणार? मरणाची भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की एक दिवस मी दुकानात बसलेला असेन, आणि लोक माझ्या समोर माझ्या बायकोला विचारतील, "शेठ जेवतात का नीट?"

अशात बबनराव आले.

हे बबनराव कारेगावचे. कंपनीत कामाला आलेल्या पोरांच्या खोल्या असतात ना, त्या खोल्यांवर दूध घालतात. माझे जुने गिऱ्हाईक, त्याहून जुने दोस्त. चैत्र संपत आलेला, बाहेर डांबर वितळतंय, आणि हे दारात उभे.

"शेठ, म्हैस बघितलीय. पाटसच्या एका आप्पाची हाय. दौंडच्या अंगाला बाजारात आणणार हायेत. हात घालायला चला."

"या उन्हात?"

"म्हैस सावलीत बांधायला सांगतो की!"

"मी म्हशीचं म्हणत नाही, बबनराव!"

"मग? मणक्याचं व्हय? अवो, मणक्यात गॅप हाय, हात तर धड हाय का न्हाई?"

हात धड नव्हता. नेमक्या त्याच आठवड्यात उजव्या हाताला कुणी जाड मोजा चढवल्यासारखं झालेलं. बटणं शैला लावत होती. कप गरम आहे की गार, ते हाताला कळत नव्हतं. आणि मधेच बोटं आपोआप आवळली जायची, मी न सांगता. शैला रोज म्हणत होती, डॉक्टरबाईंना फोन करा. मी रोज म्हणत होतो, उद्या.

बबनराव गेल्यावर ती म्हणाली, "नाही म्हणा त्यांना."

"कारण काय सांगू?"

"खरं."

"खरं सांगितलं तर ते म्हणतील, शेठ, तुम्ही आता घरीच बसा."

"मग बसा की! तेच तर मी पण म्हणते."

मी ऐकलं नाही. तिनंही मग वाद घातला नाही. ओला पंचा मानेला गुंडाळला, बर्फ झालेली मोठी बाटली पिशवीत घातली आणि बजावलं, "ही मानेला लावायची. दर थोड्या वेळानं. ही औषध आहे, समजलं?"

समजलं होतं. बबनरावांना समजलं नव्हतं, एवढीच अडचण. बाजारात उतरल्या उतरल्या त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. "वा! वहिनींनी गार पाणी दिलंय!" आणि तोंड वर करून, वितळलं होतं तेवढं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. उरलेला बर्फ शेजारच्या रसवाल्याला दिला आणि दोन ग्लास रस फुकटात आणला! मी काय बोलणार? मणक्यातल्या गॅपला कुणी बर्फ लावतं का? बसलो रस पीत.

म्हैस बघितली. आता म्हैस म्हणजे म्हैस. दुभती, तिसऱ्या वेताची, स्वभावानं गरीब. ना फार देखणी ना फार वाईट. मी आणि बबनरावांनी ठरवलं, सत्तरपर्यंत जायचं, पुढं नाही. बबनरावांकडं होतेच तेवढे. आप्पा सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला कुठल्याशा बियाण्याच्या जाहिरातीची टोपी. "या शेठ, नाव ऐकलंय तुमचं," म्हणाले आणि हात पुढं केला. मी धरला. बबनरावांनी रुमाल टाकला.

आणि रुमालाखाली काहीच नव्हतं!

कसं सांगू तुम्हाला? अंधारात पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं. तो आठवडाभर मी हात चालवत होतो तो डोळ्यांनी. कप धरायचा तर कपाकडं बघत, पेन धरायचं तर पेनाकडं बघत. बघितलं की हात ऐकायचा. आता वर रुमाल होता! माझ्या हातात आप्पांची किती बोटं आहेत? एक? दोन? की नुसती हवा? हात माझा, बोटं माझी, आणि बातमी मला नाही. वाटलं रुमाल फेकून पळत सुटावं. पण पळणार कुठल्या पायांनी? ते उन्हात आधीच जड व्हायला लागलेले.

म्हटलं, घाबरू नको. पंजा दाब, सोड, दोन बोटं धर. दाबला.

तो सुटेचना.

बोटं आवळली होती. मला ते बोटांतून नाही, खांद्यातून कळलं, खांदा ताठला तेव्हा. मी सोडायला बघतोय आणि रुमाल हलतोय. एकदा हलला. परत हलला. तिसऱ्यांदा तर असा हिसका बसला की रुमाल खाली पडतो की काय! भोवतीच्या माणसांतून "आँ?" असा आवाज आला.

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघून हसलो. कशाचं हसणं? बोकडाला खाटकाच्या दारात हसू येईल तसलं. बऱ्याच वेळानं कधीतरी हात सुटला. आप्पांनी आपला हात चोळला, कुणाशी काही बोलले नाहीत, आणि बादली घेऊन पाणी आणायला निघून गेले.

बबनराव कानाशी आले. "झाला?"

"झाला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"कितीला?"

आता घ्या! रुमालाखाली काय ठरलं ते जगात दोघांनाच ठाऊक असतं. एक पाणी आणायला गेलेला. दुसरा मी, आणि मलाच पत्ता नाही!

"नंतर सांगतो," मी म्हटलं.

एवढ्यात बाळू पुढं आला. बाळू म्हणजे हेडी, जनावरांचा पक्का व्यापारी. नुसत्या रुमालाच्या हालचालीवरून भाव सांगणारा. तो बोंबललाच, "तीन पंजे! म्या डोळ्यानं बघितलं! शेठनं तीन येळा पंजा दाबला! दीड लाख!"

झालं! दीड लाखाची म्हैस म्हटल्यावर माणसं जमली.

"शेठ उगाच देणार न्हाई गड्या."

"कपाळावरचा भवरा बघ. तसला भवरा लाखात एक."

"कास बघ, कास!"

"मला तर हिच्या डोळ्यातच काय तरी येगळं दिसतंय."

खरं सांगू? तिच्या डोळ्यात झोप दिसत होती. पण एकानं तिच्याबरोबर फोटोसुद्धा काढला! बाळूनं तर सरळ मलाच विचारलं, "शेठ, पावणेदोन देतो. म्हैस मला सोडा."

"हात लावायचा न्हाई माझ्या म्हशीला!" बबनराव दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. मग मला बाजूला ओढलं. तोंड उतरलेलं, पण डोळे चमकत होते. "शेठ, माझ्याकडं सत्तरच हायेत. पर तुम्ही दीड दिलंत म्हंजी काय तरी बघितलं असंल. व्हय ना? थांबा, घरी फोन लावतो. आमच्या पोरीच्या, मालूच्या, पाटल्या हायेत. तिच्या लग्नाला ठेवल्यात, पर मोडू. म्हैस न्हाई सोडायची."

आणि त्यांनी फोन कानाला लावला.

बघा आता. भिणारा माणूस काय काय सहन करतो, पण दोस्ताच्या पोरीच्या पाटल्या? माझ्या मेलेल्या हातावर विश्वास ठेवून हा गडी घर पालथं घालायला निघालेला. मी फोन काढून घेतला. म्हटलं, "बबनराव, पाटल्या मोडू नका. मला तिच्यात काही दिसलं नाही. मला माझ्या हातातलंच कळत नाही. रुमालाखाली काय झालं ते मला ठाऊक नाही."

बबनराव हसायला लागले. "बाळूला ऐकवताय व्हय? लई भारी! चालू द्या."

"अहो, खरं सांगतोय! मला आजार आहे. नसांचा. मल्टिपल स्क्लेरोसिस. हाताला स्पर्शच कळत नाही!"

बाळूनं ऐकलंच. "शेठ, गेल्या साली मणक्यात गॅप व्हता. औंदा मेंदूत शिरला व्हय? आरं, ह्यो भाव पाडतोय रं! म्हैस सोडायची न्हाई म्हणून आजारी पडला! बबनराव, एक नव्वद! बोला!"

आता सांगा, यावर काय करावं? इतकी वर्षं लपवलं ते सगळ्यांना खरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, तर लोक म्हणतात, काय कसलेला व्यापारी आहे! मी जितकं सांगतोय तितका म्हशीचा भाव चढतोय. मी म्हटलं, पुण्याच्या दवाखान्याचे कागद आहेत. तर मागून एकजण म्हणतो, "कागद बी तयार ठेवलेत! मानलं शेठ!"

ओरडून ओरडून घसा कोरडा पडला. मानेचा पंचा कधीच वाळून कडक झालेला. आणि मग ते आलं. आधी डाव्या डोळ्यात ताक सांडलं. बाळूचं तोंड गेलं, नुसता आवाज राहिला. मग छातीभोवतीचं दावं आवळलं. मग गुडघे. गुडघे आहेत की नाहीत, ते बघायला खाली वाकलो, तर पाठीतून करंट गेला आणि मी सरळ शेणात बसलो. बसलो कसला, कोसळलो.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, हो!

"वा शेठ! पिक्चरमध्ये जावा!"

तुम्ही हसताय. हसा. मीही आता हसतो. पण तिथं खाली पडून वर बघताना मला सगळीकडं फक्त पांढरं दिसत होतं आणि टाळ्या ऐकू येत होत्या. पायाची बोटं हलवून बघितली. सकाळी हलली होती. आता हलली की नाही, तेच कळेना. मनात म्हटलं, संपलं. हेच ते. आता कधी उठायचंच नाही. मला उचलून नेतील, पलंगावर टाकतील, शैला भरवील, आणि लोक तिला विचारतील, शेठ जेवतात का. मी "बबनराव" म्हणून हाक मारली. आवाज असा निघाला, जसा लहान पोराचा जत्रेत निघतो.

तो आवाज मात्र त्यांना खरा वाटला. त्यांचं हसू मधेच थांबलं. "आरं, टाळ्या बंद करा! शेठ? शेठ, काय व्हतंय?"

"गार पाणी," मी म्हटलं. "मानेवर. ती बाटली औषध होती."

"म्या पिलो ती?" एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात आप्पा बादली घेऊन आले. कुणाला काही विचारलं नाही. म्हशीसाठी आणलेलं ते पाणी धसकन माझ्या डोक्यावर ओतलं. बबनरावांनी सौद्याचा रुमाल भिजवून मानेवर धरला, दोघांनी मिळून उचलून लिंबाखाली आणलं, आणि आणखी दोन बादल्या झाल्या. म्हैस बिचारी तहानलेलीच.

हळूहळू उतरलं. आधी बाळूचं तोंड दिसायला लागलं, हा काही फार मोठा फायदा नव्हे. मग पाय परत आले, मुंग्यांची रांग घेऊन. डॉक्टरबाई खरं बोलल्या होत्या, तात्पुरतं. मी ढसाढसा रडलो, आणि पाणी एवढं ओतलेलं की कुणाला कळलं नाही.

मग बबनरावांनी आप्पांनाच विचारलं, "आप्पा, खरं सांगा. कितीला ठरलं?"

"काय कितीला?"

"म्हैस! शेठनं तीन पंजे दिले ना?"

"अवो कसला पंजा आन् कसलं काय!" आप्पा म्हणाले. "ह्यांनी माझा हात असा धरला, असा धरला, की सुटंना. तीन येळा हिसका दिला म्या, तवा रुमाल हलला. सौदा झालाच न्हाई!"

म्हणजे बाळूनं मोजलेले ते पंजे म्हणजे म्हाताऱ्यानं जीव सोडवायला मारलेले हिसके!

"मग तुम्ही बोलला का न्हाई?" बबनराव चिडले.

"काय बोलू?" आप्पा माझ्याकडं बघत म्हणाले. "हात थंडगार, आन् घामानं भिजलेला. आमची म्हातारी दवाखान्यात व्हती, तवा म्या बी तिथल्या कंपाउंडरचा हात असाच धरला व्हता. त्यो बिचारा उभाच राह्यला. माणूस भ्यालं म्हंजी हात धरतंय. मला वाटलं, शेठला घरनं काय तरी वाईट कळलंय. अशा येळंला सोड म्हणू न्हाई. मग म्या बी हिसके द्यायचं सोडलं, हात धरून उभा राह्यलो."

"बरं, ते राहू द्या," बबनराव म्हणाले. "पर बाळू दीड लाख म्हणाला, पावणेदोन म्हणाला, तवा तरी सांगायचं!"

आप्पांनी टोपी सरळ केली. "हौदावर समदं ऐकू येत व्हतं. म्हटलं, बाळू कुठवर जातोय ते ऐकून तर घ्यावं!"

बाळूनं तेवढ्यात पलीकडं एक बैल बघायचं ठरवलं आणि तो जो गेला तो त्या दिवशी परत दिसला नाही.

म्हैस घेतली. तोंडानं भाव केला, सगळ्यांसमोर, उघड्यावर. मला वाटत होतं लाजेनं जमीन दुभंगावी, पण बबनराव म्हणाले, बोला शेठ, आणि मी लिंबाला टेकून, नखशिखांत भिजलेला, शेणानं माखलेला, भाव करत बसलो. आप्पांनी दावं हातात दिलं ते आधी माझ्या डाव्या हातात. "ह्यो चालतो ना?" म्हणाले. मी म्हटलं, हा चालतो. आजपर्यंत तरी.

परत येताना घोडनदी जवळ आली तेव्हा बबनराव म्हणाले, "मणक्यात गॅप, व्हय? आमच्या आईनं तुमच्यासाठी नवस बोललाय त्या गॅपचा. आता तिला काय सांगू?" मी म्हटलं, देवाला पत्ता बदलल्याचं कळवा. तेव्हा कुठं ते हसले, आणि मग त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसले.

दुसऱ्याच दिवशी शैलानं फोन लावला. डॉक्टरबाईंनी मला झापलं, सलाईनमधून औषध दिलं. हात निम्माशिम्मा परत आला. उरलेला येईल की नाही, ते त्या अजूनही नक्की सांगत नाहीत. पुढं परत कधी काय जाईल, तेही नाही. मी अजून सकाळी पायाची बोटं हलवतो. भीती अजून मुक्कामालाच आहे, फक्त आता ती एकट्या माझ्या ताटात जेवत नाही. शैलाला सांगतो, आज डोळा धूसर आहे. बबनरावांना सांगतो, आज येत नाही, ऊन आहे. लोक माझ्या तोंडासमोर शैलाला विचारतात, शेठ जेवतात का. ज्याला मी भीत होतो ते झालंच! ती सांगते, "जेवतात, आणि नावं पण ठेवतात."

पण एक मागणं आहे तुमच्याकडं. हा किस्सा तुम्ही पुढं सांगणार, मला ठाऊक आहे. दौंडच्या बाजूला आत्ताच लोक म्हणतात, शिरूरच्या शेठनं मेल्याचं सोंग घेऊन म्हैस फुकटात आणली. पाबळपर्यंत गेला तेव्हा म्हशीची दोन झाली होती. सांगा तुम्ही, हवं ते वाढवा. म्हशीला चार शिंगं लावा, बाळूला मिशा लावा. फक्त माझ्या नावाचा हिशोब खरा ठेवा. मी पंजा एकही दिला नाही. मी फार घाबरलो होतो, आणि रुमालाखाली एका अनोळखी म्हाताऱ्याचा हात घट्ट धरून उभा होतो. तो मला धीर देत होता, आणि मी समजत होतो, मी त्याला भाव देतोय.